अक्कासाहेबांच्या कागदी दरवाजाची हकीकत

॥ श्री ॥ उंबरठा स्थिर असो, बिजागरी कुरकुरती न होवो, आणि जो आत गेला तो सुखरूप बाहेर येवो ॥

शके सोळाशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सरी, ज्येष्ठमासी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते यथामति लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण तेथील लोक मानी, आणि या हकीकतीत त्यांच्या पाठीचा विषय वारंवार येणार आहे. तरी ऐकावे. त्या राज्याची रीत ऐसी की गादीस पाठ दाखवू नये. गादीवर खासा महाराज बसले असता जो कोणी निरोप घेई तो तोंड गादीकडे ठेवून, हात जोडून, मागल्या पावली चालत बाहेर जाई. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. मानकऱ्यांची मुले अंगणात खेळावयाचे सोडून मागल्या पावली चालावयास शिकत आणि थोरपणी हा गुण ऐसा अंगी मुरे की आपण कसे चालतो हे त्यांचे त्यांसही आठवत नसे. जुना दिवाणखाना होता तोवर यात काही अडचण नव्हती, कारण तेथे दारास दार नव्हते, किनखापी पडदा होता, आणि मानकऱ्यांची पाठ पडद्यास लागे आणि पडदा बाजूस होई आणि मानकरी बाहेर पडत. मग महाराजांच्या मनात आले की शेजारच्या राज्यात दिवाणखान्यास भव्य दरवाजा आहे आणि आपल्या येथे फडके आहे, हे बरे दिसत नाही. तेव्हा इमारतखान्याचे दरोगे हरबाजीपंत यांस आज्ञा जाहली, आणि पंतांनी दिवाणखाना नवा बांधिला आणि त्यास दरवाजा केला तो बहुत थोर केला. फळ्या सागवानी, आतल्या अंगास पितळी सिंहमुखे, सिंहाच्या मुखी कडी, आणि माथ्यावर सुवर्णाक्षरे की 'कडी धरोन आत ओढावे'. बाहेर उघडता केला असता पायरीची शोभा जात होती, म्हणून दरवाजा आत उघडता केला. पंत येणाराजाणारास थांबवून म्हणत, "आमचा दरवाजा बोलका आहे, त्यास भालदाराची गरज नाही." तरी देवडीवर, म्हणजे दाराबाहेर, रखमाजी घुले या नावाचा भालदार उभा असे, कारण महाराजांचा दरवाजा आणि बाहेर भालदार नाही हे कोणत्या राज्यात चालते?

मग नव्या दिवाणखान्यात पहिला दरबार भरला, आणि दार लावून घेतले, आणि गवई गाऊ लागले, आणि एका पलित्याची ठिणगी उडोन छताच्या चांदव्यास लागली. चांदवा रेशमी, त्याने पेट घेतला आणि सभा धुराने भरली. महाराज बोलिले, "दरबार बरखास्त." सभा उठली आणि हात जोडोन मागल्या पावली दरवाजाकडे निघाली. डोक्यावर आग, नाकात धूर, तरी एकाही मानकऱ्याने गादीस पाठ दाखविली नाही. याचे कौतुक करावे की कपाळास हात लावावा, हे वाचणाराने ठरवावे. आणि पहिल्याची पाठ दरवाजास लागली आणि त्याने जोर केला आणि दार हालेना, आणि दुसऱ्याने त्याजवर जोर केला आणि तिसऱ्याने दुसऱ्यावर, आणि मग एकच कल्लोळ उठला की "बाहेरून दार धरले आहे, दगा आहे." अखेर खिडकीच्या जाळ्या फोडिल्या आणि महाराजांस पागोट्यावाचून भोयांच्या खांद्यावर घालून खाली उतरविले. कोणाचा हात मोडला, कोणाचा पाय, राजज्योतिषी धुराने बेशुद्ध जाहले ते दुसरे दिवशी सावध आले. आग विझली. प्राण सर्वांचे वाचले, अब्रू मात्र खिडकीतून गेली.

आता राजाची अब्रू गेली म्हणजे ती कोणीतरी चोरली पाहिजे. चौकशी बसली. मानकऱ्यांनी बेलभंडार उचलून साक्ष दिली की आम्ही एवढे जण मिळोन जोर केला आणि दार उघडले नाही, तस्मात बाहेरून कोणी धरले होते. बाहेर कोण होता? रखमाजी. पागेच्या मोतद्दारांनी, म्हणजे घोडे राखणारांनी, सांगितले की रखमाजीने दारास खांदा लाविला होता हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. खांदा लाविला होता हे खरेच. पण उघडावयास लाविला की धरावयास लाविला, हे काही खांद्यावर लिहिलेले नसते. आणि महाराजांची आज्ञा जाहली की हा फितूर आहे, याचा कडेलोट करावा. परंतु आषाढी एकादशी तोंडावर आली होती आणि चातुर्मासात कोणास देहदंड देऊ नये ऐसी त्या राज्यात चाल असे, म्हणून रखमाजीस कोठडीत घातले आणि ठरले की कार्तिकी एकादशी उलटताच त्यास कड्यावर न्यावे. आणि दरवाजावर पुरावा म्हणोन मोहोर केली आणि पहारा बसविला की कोणी हात लावू नये.

महाराजांच्या वडील भगिनी गुणवंताबाई, यांस सर्व राज्य अक्कासाहेब म्हणे. यांचे यजमान सरहद्दीवर मोहिमेत आणि त्या आपल्या हवेलीत राहून आपला आणि दुसऱ्यांचाही कारभार पाहात. स्वभाव हट्टी. लहानपणी एकदा हत्तीवर बसावयास मिळाले नाही म्हणून अन्न सोडिले होते आणि अखेर हत्तीच अंगणात आणावा लागला होता. रखमाजी हा अक्कासाहेबांचा दूधभाऊ. रखमाजीच्या मातुश्रीने दोघांस एका मांडीवर घेऊन वाढविले होते, आणि मातुश्री मरतेवेळी अक्कासाहेबांचा हात धरोन बोलिली होती की "माज्या पोराला सांभाळ." निकाल कानी येताच अक्कासाहेब पालखीची वाट न पाहता चालत कोठडीवर गेल्या, आणि पहारेकऱ्याने अडविले नाही, कारण अक्कासाहेबांस अडविणे म्हणजे काय हे त्यास ठाऊक होते.

रखमाजी भिंतीस टेकोन बसला होता तो उठला. अक्कासाहेब बोलिल्या, "रखमा, माझ्या डोळ्यांत बघून सांग. दार धरलेस?" रखमाजी बोलिला, "अक्का, आईच्यान सांगतो, म्या ढकलत हुतो. खांदा फुटस्तवर ढकललं. पर आतनं जणू डोंगर रेलला हुता. हाका मारल्या, मागं सरा, मागं सरा. आत कुनाला ऐकू जातंय?" अक्कासाहेबांनी त्याचा खांदा पाहिला, तो काळानिळा होता. मग पुसले, "मग दार धरले कोणी?" रखमाजी बोलिला, "त्येच तर मला कळंना. आतून दगा म्हनत्यात, आन् म्या बाहीरनं म्हनतो दगा. दोगं बी खरं बोलतोय आसं वाटतंय." हे वाक्य अक्कासाहेबांच्या मनात रुतोन बसले. घरी येईपर्यंत त्यांनी पदर कमरेस खोचला होता, आणि अक्कासाहेबांनी पदर खोचला म्हणजे हवेलीतील मांजरेही वाट सोडोन बसत.

मग हुजूर जाऊन बोलिल्या, "महाराज, दरवाजाची मोहोर तोडावी आणि मज दार तपासू द्यावे." हरबाजीपंत तेथेच होते, ते बोलिले, "अक्कासाहेब, दार तपासावयास काय आहे? कडी आहे, वर सुवर्णाक्षरे आहेत. वाचील त्यास उघडते. दाराने दगा केला ऐसे आजवर कोणत्या पोथीत आहे?" महाराज बोलिले, "मोहोर निघणार नाही. सागवान आपण होऊन धरीत नाही, अक्कासाहेब. धरतो तो माणूस." अक्कासाहेब बोलिल्या, "बरे. सागवान देत नाही तर नका देऊ. मी कागदाचा दरवाजा करीन आणि त्यास विचारीन." सभा हसली. महाराजही मिशीत हसले. अक्कासाहेब हसल्या नाहीत. चोर सोडून संन्याशास फाशी जात आहे हे त्यांस दिसत होते आणि चोराचे नाव मात्र सांगता येत नव्हते.

त्याउपरि त्यांनी बुऱ्हाण कागदी यास बोलाविले. हा कागद करी आणि मोहरमात ताबूत बांधी, आणि कामट्या, खळ आणि कागद यांचे त्याने काहीही उभे करावे ऐसी त्याची ख्याती. त्याने चौरंगावर मावेल ऐसा कागदाचा दिवाणखाना करोन दिला, लहानसा दरवाजा, सिंहमुखासकट, आणि कागदाची माणसे. मग अक्कासाहेबांनी मानकऱ्यांस एकेकास बोलावून चौरंग पुढे केला आणि पुसले, "आपण येथे आत आहां. बाहेर पडावयाचे आहे. काय कराल?" जो येई तो म्हणे, "कडी धरावी आणि आत ओढावे. वर लिहिलेच आहे." एकही चुकला नाही. ही वार्ता हरबाजीपंतांस लागताच ते खासा हवेलीत आले आणि नम्रपणे बोलिले, "अक्कासाहेबांचे उपकार. दरवाजा निर्दोष ठरला. कागदानेच साक्ष दिली." हात दाखवून अवलक्षण, ते हेच. अक्कासाहेबांनी पंतांस विडा दिला, दारापर्यंत पोचविले, आणि आत येऊन चौरंगावरील कागदी दिवाणखाना एका चापटीने भुईसपाट केला. मग त्यातील एक कागदी माणूस उचलून बराच वेळ हातात धरोन बसल्या. श्रावण अर्धा सरला होता आणि रखमाजीचा जीव कागदाच्या साक्षीने आणखी बुडाला होता. अक्कासाहेबांस त्या दिवशी अन्न गोड लागले नाही.

पण हट्ट सुटला नाही. दुसरे दिवशी स्वयंपाकघरात जिवाई, म्हणजे हवेलीतील जुनी मोलकरीण, दळण निवडीत बसली होती. अक्कासाहेबांनी सहज पुसले, "जिवाई, जाते तू कोणत्या अंगास फिरवितेस? उजव्या की डाव्या?" जिवाईने जन्म दळण्यात घालविला, परंतु ती विचारात पडली. "आता असं विचारलं तर काय सांगू बाई? उजव्या... नाही, थांबा. बसल्याशिवाय नाही सांगता यायचं." मग ती जात्यापुढे बसली, आणि खुंटा दिसताच हात आपण होऊन खुंट्यावर गेला आणि जाते फिरू लागले. "हे बघा, असं," जिवाई बोलिली, "हाताला ठाऊक असतं. तोंडाला कशाला विचारता?" अक्कासाहेब एकाएकी उठून स्वयंपाकघरात फिरू लागल्या आणि एकेक वस्तू नव्याने पाहू लागल्या. तांब्यास गळा आहे, तेथे बोटे जातात. विळीच्या पाटावर गुडघा जातो. मुसळ कोठे धरावे हे मुसळावर कोणी सुवर्णाक्षरांनी लिहिले नाही आणि तरी आजवर कोणी उलटे धरोन कांडले नाही. वस्तू हाक मारते आणि अंग ओ देते, आणि तोंडास या बोलाचालीचा पत्ताही नसतो. आणि आपण तर मानकऱ्यांच्या तोंडास पुसत बसलो. तोंड काय, सुवर्णाक्षरे वाचून दाखविते.

मग बुऱ्हाणास पुन्हा बोलावणे गेले. "आता चौरंगावर नको. माणसाएवढा पाहिजे. परसात मांडव घालून खरा दिवाणखाना उभा कर, कागदाच्या भिंती, कागदाचा दरवाजा, आत उघडता, आणि चौकट ऐसी की बाहेर ढकलला तर अडलाच पाहिजे." बुऱ्हाण बोलिला, "अक्कासाहेब, एवढा मोठा ताबूत मी जन्मात केला नाही. पण करतो. पावसाची उघडीप पडू द्या, खळ वाळत नाही." भाद्रपद गेला तो खळ वाळविण्यात गेला. दसऱ्याचे सोने वाटून जाहल्यावर अक्कासाहेबांनी मानकऱ्यांस फराळास बोलाविले, फराळ कागदी दिवाणखान्यात मांडिला, आणि म्हणाल्या, "जेवून झाले की दार लावलेले आहे, आपले आपण उघडून जावे." यावेळी कोणास काही पुसले नाही, कोपऱ्यात बसोन नुसते पाहात राहिल्या. मानकरी जेवले, विडे तोंडात घातले, गप्पा मारीत वळले, दरवाजाकडे तोंड करोन सावकाश चालत गेले, कागदी सिंहाची कडी चिमटीत धरिली, आत ओढिली, आणि बाहेर पडले. एकाने तर जाता जाता "छान हलका आहे" ऐसेही म्हटले. बुऱ्हाण कपाळास हात लावून बसला. अक्कासाहेब बसोनच राहिल्या. दिवाळी पंधरवड्यावर आली, दिवाळीमागे एकादशी, एकादशीमागे कडा. सर्व काही खऱ्यासारखे केले, दरवाजा खऱ्यासारखा, माणसे तर खरीच, मग त्या दिवशी होते आणि आज नाही ऐसे काय राहिले? आग म्हणावी तर आगीने माणूस कडी ओढावयाचे विसरेल, पण एवढे सारे एकदम विसरतील? काही केल्या उमजेना.

काखेत कळसा आणि गावास वळसा, म्हणतात ते खोटे नाही. त्याच संध्याकाळी अक्कासाहेब देवघरासमोर बसल्या होत्या. जिवाईने देवापुढे निरांजन लाविले, ताम्हण आणि पंचपात्री दोन्ही हातांत घेतली, आणि देवाकडे तोंड ठेवून मागे सरत सरत बाहेर निघाली. देवघराचे दार वाऱ्याने लोटले गेले होते. जिवाईने पाठीनेच त्यास धक्का दिला, दार बाहेर उघडले आणि ती बाहेर आली. हे अक्कासाहेबांनी हजार वेळा पाहिले असेल. आज त्या ओरडल्या, "जिवाई, थांब. दार कशाने उघडलेस?" जिवाई दचकली. "पाठीनं. हात कुठं मोकळे आहेत? आणि देवाकडं पाठ कशी करू?" "आणि हेच दार आत उघडते असते तर?" जिवाई बोलिली, "तर काय बाई, ढुंगण आपटीत राहिले असते जन्मभर. पाठीला कुठं ओढता येतं?"

अक्कासाहेब हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या, आणि जिवाईस वाटले बाईंना लागिर जाहले. पाठीस ओढता येत नाही. पाठ ढकलते, एवढेच तिला येते. अवघा दरबार मागल्या पावली दरवाजावर जाऊन रेलला. सुवर्णाक्षरे होती ती पाठीमागे होती, आणि पाठीस डोळे नसतात. आत डोंगर रेलला होता तो मानकऱ्यांचा होता. रखमाजी खरे बोलत होता आणि मानकरीही खरे बोलत होते, आणि परसातल्या दिवाणखान्यात सर्व काही होते, नव्हती ती गादी. गादी नाही म्हणून पाठ फिरली, आणि पाठ फिरली म्हणून कडी दिसली. इतके समजल्यावर दुसरा कोणी धावत हुजूर गेला असता. अक्कासाहेब गेल्या नाहीत. सांगून कोण ऐकतो? मानकऱ्यांस पुसाल तर ते म्हणतील आम्ही कडीच ओढीत होतो, आणि मनापासून म्हणतील. तोंडास एकदा पुसोन हात पोळले होते. आता हे त्यांच्या पाठीकडूनच वदवावयाचे. जिवाईस आणि बुऱ्हाणास तेवढे सांगितले आणि बाकी कोणास ताकास तूर लागू दिली नाही.

मग भाऊबीज आली. त्या दिवशी भावाने बहिणीच्या घरी जावे. भाऊ राजा असला म्हणून बीज चुकत नाही. महाराजांची स्वारी मानकऱ्यांसह हवेलीस आली. अक्कासाहेबांनी त्यांस परसात नेले, आणि पाहतात तो कागदाचा दिवाणखाना, आणि आत पाट नाही, गादी मांडिली आहे, लोड आहेत, छत्र आहे. महाराज थबकले. "अक्का, पाट कोठे आहे?" "आज गादीवर बस, आबा. बहिणीची हौस." महाराज बसले, आणि ते बसताच मानकरी आपण होऊन हात जोडोन आपापल्या जागी उभे राहिले. हरबाजीपंत इमारतखान्याचे, त्यांची जागा दरवाजालगत. दार लागले. बाहेरच्या अंगणात तुळशीवृंदावनाखेरीज चिटपाखरू ठेविले नव्हते. अक्कासाहेबांनी ओवाळिले आणि ताट पुढे केले. महाराज निष्ठुर नव्हते, अब्रू दुखावलेले होते. ते हळू आवाजाने बोलिले, "अक्का, तुझ्या मनात काय आहे ते मी जाणतो. माग. ओवाळणी म्हणून रखमाजीचे प्राण मागशील तर दिले."

येथे मागल्या अंगास कागदाच्या भिंतीआड उभ्या जिवाईने पदर तोंडात घातला, की बाई आता हो म्हणा. हाती आलेला प्राण सोडावयाचा म्हणजे काय, हे त्यांस त्या क्षणी जेवढे कळले तेवढे कधी कळले नव्हते. पण बोलिल्या, "नको, आबा. तू प्राण दिलेस तर तो जगेल, पण राजाचे दार धरणारा म्हणून जगेल. त्याची पोरे दार धरणाऱ्याची पोरे म्हणून जगतील. मला दान नको. ओवाळणी एवढीच दे की येथे बसून एकदा 'दरबार बरखास्त' म्हण." महाराज आश्चर्य पावले. "एवढेच?" "एवढेच. आणि यातून काही निघाले नाही तर मी पुन्हा रखमाचे नाव काढणार नाही." महाराजांनी मान हलविली आणि मोठ्याने बोलिले, "दरबार बरखास्त."

आणि सभा मुजरा करोन मागल्या पावली निघाली. कोणी विचार केला नाही, विचार करावयाचे ते कामच नव्हे. हरबाजीपंत सर्वांच्या पुढे, म्हणजे पाठीकडून पुढे, आणि त्यांची पाठ प्रथम दरवाजास लागली. दार चौकटीस अडले. पंतांनी पाठीने जरा जोर केला. इतक्यात फडणीस त्यांजवर येऊन टेकले आणि फडणिसांवर सबनीस आणि त्यांजवर उरलेली सभा, आणि कागद ताणला आणि कामट्या करकरल्या, आणि हरबाजीपंत, ज्यांनी तो दरवाजा खासा आपल्या हाते आखिला होता, ते कासावीस होऊन ओरडले, "अरे, बाहेरून दार कोणी धरले आहे."

आणि कागद फाटला. पंत पाठमोरे बाहेर पडले ते बुऱ्हाणाच्या खळीच्या घमेल्यात बसले, आणि त्यांजवर फडणीस. दरवाजास पंतांच्या पाठीएवढे भोक पडले आणि त्यातून ऊन आत आले. कोणी हसले नाही. अक्कासाहेब निरांजनाचे ताट हाती तैसेच घेऊन भोकापाशी गेल्या आणि शांतपणे बोलिल्या, "पंत, आपण आता बाहेर आहां. जरा सभोवती पाहावे आणि सांगावे, दार कोणी धरले होते?" हरबाजीपंतांनी उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले, तुळशीकडे पाहिले. मग आपल्याच पागोट्याकडे पाहिले, जे खळीत पडले होते. त्या माणसाविषयी एक गोष्ट लिहिली पाहिजे, ती ही की तो गर्विष्ठ होता पण लबाड नव्हता. खाली मान घालून बोलिला, "कोणी नाही, अक्कासाहेब. आम्हीच."

महाराज गादीवरून उठले. दरवाजाची एक फळी अजून शाबूत होती, तिजपाशी गेले, वळले, आणि ज्यास जन्मात कोणापुढून मागल्या पावली निघावे लागले नव्हते त्या राजाने आपली पाठ त्या कागदास टेकविली आणि हळूच ढकलले. फळी अडली. पुन्हा ढकलले. मग मागे हात नेऊन कडी चाचपली आणि ओढली, तो फळी त्यांच्याच टाचेवर आली. महाराज बोलिले, "रखमाजीस आणा. बेडी येथे आणून तोडू नका, तेथेच तोडा आणि मोकळा चालत आणा."

रखमाजी आला तेव्हा अक्कासाहेबांनी दोन पाट मांडिले होते. एकावर महाराज बसले होते आणि दुसरा रिकामा होता. रखमाजी बसेना, तो महाराजांनी मनगट धरोन बसविला. ओवाळून जाहल्यावर रखमाजी आपल्या रिकाम्या हातांकडे पाहू लागला आणि बोलिला, "अक्का, ताटात काय घालू? माज्यापाशी काय बी न्हाई." अक्कासाहेब बोलिल्या, "आलास ना चालत? घातलेस."

हरबाजीपंतांस काय शिक्षा करावी ऐसा प्रश्न निघाला. अक्कासाहेबांनी ती होऊ दिली नाही; म्हणाल्या की पंतांनी दार पुन्हा करावे, आधी कागदाचे, आणि ते दरबाराने तोंडाने नव्हे तर पाठीने पसंत केले की मग सागवानास हात घालावा. पंतांनी तैसे केले, बुऱ्हाणास शेजारी बसवून केले, आणि चार कागदी दारे फाटल्यावर पाचवे उभे राहिले. दार आता बाहेर उघडते. पायरी मागे सरकविली. आतील सिंहमुखे आणि कड्या काढिल्या आणि त्यांजागी पितळेचा सपाट पत्रा बसविला, जो पाहताच, आणि न पाहताही, ढकलावासा वाटतो. सुवर्णाक्षरे पुसली, कारण लिहावयास काही उरले नाही. तेव्हापासून त्या राज्यात नवी वस्तू करावयाची तर आधी कागद, मग लाकूड, ऐसा परिपाठ पडला, आणि पंत एवढे पालटले की घरी सुनेने नवे फडताळ मागितले तर तेही प्रथम कागदाचे करोन तिजपुढे ठेवीत आणि मुकाट्याने कोपऱ्यात बसोन पाहात.

नवे दार बसले त्या दिवशी रखमाजी देवडीवर आला आणि दार पाहोन खिन्न जाहला. अक्कासाहेबांस म्हणाला, "अक्का, ह्ये तर बोटानं उघडतंय. आता म्या हितं उभं ऱ्हाऊन काय करू?" अक्कासाहेब बोलिल्या, "उभा राहा. दार उघडते हे लोकांस आता आपोआप कळेल. ते कोणी धरले नव्हते, हे कळावयास तू दिसला पाहिजेस." आणि रखमाजी भाला घेऊन ताठ उभा राहिला, आणि पुढे केस पांढरे होईतो तेथेच उभा होता.

येणेप्रमाणे दरवाजाचे प्रकरण जाहले. सारांश इतकाच की वस्तू अडली असता माणसास धरू नये, आधी वस्तूस पाहावे, आणि माणसास पुसू नये, आधी त्यास वागताना पाहावे. फाटका कागदी दरवाजा अक्कासाहेबांनी टाकू दिला नाही. तो हवेलीत भिंतीस टांगला होता, आणि भाऊबीजेस महाराज येत तेव्हा त्या भोकाकडे एकवार पाहोन मग पाटावर बसत. जैसे ऐकिले तैसे लिहिले. बहुत काय लिहिणे, लिहिणारासही उठोन बाहेर जाणे आहे.